कुआकांना निरोप: पूकोरोकोरो मिरांडाच्या चिखलावर

गुरुवार

ऑकलंडहून दक्षिणेचा हमरस्ता धरायचा, पुढे पूर्वेला वळायचं, गाईंची कुरणं आणि एक टेकड्यांची रांग ओलांडली की फर्थ ऑफ टेम्सची उथळ खाडी समोर येते. जेमतेम 80 किलोमीटरचा प्रवास. गाडी भाची चालवत होती. ताईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, शिवाय ‘पक्षी बघताना जेवायचं विसरू नका’ अशी तंबीही. पाऊस भुरभुरत होता आणि वारा ईशान्येचा, म्हणजे आमच्या कामासाठी अगदी उलटा.

न्यूझीलंडला आलो ते ताईकडे, पण महिना मार्च निवडला तो कुआकांसाठी. कुआका हे माओरी नाव. इंग्रजीत बार-टेल्ड गॉडविट, आपल्याकडच्या पक्षीसूचीत पट्टेरी शेपटीचा मालगुजा. याचा भाऊबंद, काळ्या शेपटीचा मालगुजा, ठाणे खाडीत आणि भांडुपच्या पंपिंग स्टेशनला हिवाळ्यात हजारोंनी उतरतो. त्याला बघतच माझी पक्षीनिरीक्षणाची सुरुवात झाली. 2007 साली या कुआकांपैकी एका मादीची बातमी वाचली आणि तेव्हापासून ही खाडी डोक्यात घर करून होती.

जागेचं मूळ नाव पूकोरोकोरो. 1863 च्या युद्धात इथे आलेल्या ब्रिटिश युद्धनौकेवरून मिरांडा हे दुसरं नाव चिकटलं. आता दोन्ही जोडून म्हणतात. इथल्या निसर्गप्रेमींनी 1975 मध्ये ट्रस्ट स्थापन केला आणि 1990 मध्ये किनारी पक्ष्यांसाठी हे केंद्र उभारलं. त्याच वर्षी खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. केंद्रातच राहायला साध्या खोल्या आहेत, स्वयंपाकघर आहे. आम्ही सामान टाकलं आणि रेनकोट चढवून पक्षी बघायच्या लपणाकडे निघालो.

पायाखाली वाळू नाही, शिंपल्यांचा चुरा. हजारो वर्षं भरतीने शिंपले लोटत आणले आणि त्यांचे बांध घातले. एक बांध जुना झाला की त्याच्यापुढे दुसरा. इथले लोक याला चेनियर म्हणतात. हे बांध आहेत म्हणून पक्षी आहेत. ओहोटीला पक्षी मैलभर पसरलेल्या चिखलात चरतात, भरतीला चिखल बुडाला की या उंचवट्यांवर येऊन उभे राहतात. आज मात्र भांगाची भरती. पाणी फार वर चढलंच नाही, त्यामुळे थवेही लांबच राहिले. पावसाच्या पडद्याआड एक तपकिरी पट्टा दिसत होता, तो अधूनमधून हलायचा.

“मामा, ते सगळे पक्षी आहेत?”

“सगळे.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. इतकी वर्षं ऑकलंडमध्ये राहून ती इथे पहिल्यांदाच आली होती.

शुक्रवार

पहाटे वारा पडला. दुपारच्या भरतीच्या दोन तास आधी लपणापाशी जाऊन स्कोप, म्हणजे तिपाईवरची एकनळी दुर्बीण, लावला. तिथे एक निवृत्त शिक्षिका आधीच येऊन बसल्या होत्या. कित्येक वर्षं त्या इथे स्वयंसेविका आहेत. त्यांच्या मांडीवर वही, कानामागे पेन्सिल. माझा मुंबईचा पत्ता ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की तुमच्याकडच्या गॉडविटांच्या पायांवरचे फ्लॅग कोण वाचतं?

हे फ्लॅग म्हणजे पक्ष्याच्या पायात अडकवलेली प्लॅस्टिकची छोटी पट्टी. प्रत्येक प्रदेशाचा रंग ठरलेला. न्यूझीलंडचा पांढरा, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाचा केशरी, वायव्य ऑस्ट्रेलियाचा पिवळा, शांघायजवळच्या चोंगमिंग बेटाचा काळा-पांढरा. पट्टीवर अक्षरं कोरलेली असतात. ती वाचता आली की हजारोंच्या थव्यातला तो एक पक्षी कोण, हे कळतं.

वाचणं मात्र सोपं नाही. पक्षी एका पायावर उभा राहतो आणि नेमका फ्लॅगवाला पाय पोटाखाली घेतो. दुसरा त्याच्यापुढे येऊन थांबतो. पाय दिसलाच तर पट्टीला चिखल फासलेला. पाणी वर सरकलं की दादरच्या फलाटावर गाडी शिरताना गर्दी जशी एकदम मागे रेलते, तसा अख्खा थवा दोन पावलं मागे सरकतो आणि आपण धरून ठेवलेला पक्षी हरवतो. दोन तासांत त्या बाईंनी वहीत अनेक कोड उतरवले. मी एकच पुरता वाचला: पांढरा फ्लॅग, तीन अक्षरं, त्यातलं पहिलं झेड. त्यांनी स्वतःच्या स्कोपमधून खात्री केली आणि मगच ते वहीत गेलं. “अंदाजाने लिहिलेलं अक्षर म्हणजे एका पक्ष्याचं खोटं आयुष्य,” त्या म्हणाल्या. असं काटेकोर वागणं मला फार आवडतं.

ओहोटी लागली आणि थवा पसरला तेव्हा एक मादी अगदी जवळ, पंधरा-वीस पावलांवर, चरायला आली. मादीची चोच नरापेक्षा लांब असते, किंचित वर वळलेली, मुळाशी गुलाबी आणि टोकाला काळी. ती चोच थेट डोळ्यांपर्यंत चिखलात घालत होती. एका ठिकाणी थांबली, मान थोडी फिरवली, आणि चोच हळूहळू मागे घेतली. झटका नाही, घाई नाही. जोरात ओढलं तर किडा तुटतो. लांबलचक गुलाबी किडा अखंड बाहेर आला. तो घेऊन ती चार पावलं चालत डबक्यापर्यंत गेली, पाण्यात विसळला आणि गिळला. लगेच चोच पुन्हा चिखलात. चोचीचं टोक तेवढंच उघडता येतं, त्यामुळे चिखलाच्या आतच भक्ष्य पकडता येतं. तिचं पोट इतकं भरलेलं होतं की चालताना ती डुलत होती. महिन्याभराच्या खाण्याने यांचं वजन जवळपास दुप्पट होतं.

संध्याकाळी केंद्रातल्या भिंतीवरच्या नकाशासमोर उभे राहिलो. त्यावर जिचा मार्ग रेखला होता, ती हीच 2007 ची मादी. फेब्रुवारीत तिला याच खाडीवर पकडलं, पायात ‘ई 7’ असा फ्लॅग घातला आणि शस्त्रक्रिया करून पोटात उपग्रहाशी बोलणारा ट्रान्समीटर बसवला. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचे बॉब गिल आणि इथल्या मॅसी विद्यापीठाचे फिल बॅटली हे या कामातले प्रमुख. 17 मार्चला ई 7 इथून उडाली. चीन आणि उत्तर कोरियाच्या सीमेवर यालू नदीचं मुख आहे, तिथे ती आठवड्याभरात पोहोचली: 10,000 किलोमीटरहून जास्त, वाटेत कुठेही न उतरता. तिथे महिनाभराहून अधिक मुक्काम, मग अलास्का, तिथे वीण.

परतीच्या वेळेपर्यंत ट्रान्समीटरची बॅटरी टिकेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. ती टिकली. ऑगस्टच्या अखेरीस अलास्काचा किनारा सोडून ई 7 दक्षिणेकडे निघाली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस पियाको नदीच्या मुखाशी, म्हणजे इथून जवळच, उतरली. मधला सगळा पॅसिफिक महासागर आठ दिवसांत, 11,600 किलोमीटरहून अधिक, एका दमात. या पक्ष्याला पाण्यावर बसता येत नाही. थांबला तर बुडाला. अलास्कातून निघालेले पक्षी सरळ समुद्रावरून येत असावेत असा अभ्यासकांचा तर्क होता. ई 7 ने तो सिद्ध केला.

त्यानंतरचे आकडे आणखी मोठे आहेत. 2019 मध्ये इथेच टॅग लावलेला एक नर, पायातल्या निळ्या-निळ्या-लाल-पांढऱ्या कड्यांवरून ‘4बीबीआरडब्ल्यू’ म्हणून ओळखला जाणारा, 2020 च्या सप्टेंबरात अलास्काहून 11 दिवसांत इथे आला. अंतर सुमारे 12,200 किलोमीटर. टॅग फक्त 5 ग्रॅमचा, सौरऊर्जेवर चालणारा. आणि 2022 मध्ये अलास्कात नोमजवळ टॅग लावलेलं एक पिल्लू, वय जेमतेम पाच महिने, 13 ऑक्टोबरला उडालं आणि 24 ऑक्टोबरला टास्मानियात उतरलं. 13,560 किलोमीटर. बहुतेक प्रौढ पक्षी पिल्लांच्या आधीच निघून गेलेले असतात. वाट दाखवायला कुणी नसताना हा मार्ग त्या पिल्लाला कसा उमगला असेल, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही.

शनिवार

पावसाळी पट्टा रात्रीतून सरकून गेला होता. आभाळ धुतलेलं, पलीकडचे कोरोमंडलचे डोंगर अगदी जवळ आल्यासारखे, आणि वारा फिरून दक्षिणेचा झालेला. “आज,” एवढंच त्या बाई सकाळी म्हणाल्या.

कुआका कधी निघतात याचा इथे बारीक अभ्यास झाला आहे. मनावातू नदीच्या मुखाशी एकेका पक्ष्याचं निघणं वर्षानुवर्षं टिपलं गेलं. तेव्हा कळलं की दर पक्ष्याची स्वतःची तारीख असते आणि तो वर्षानुवर्षं त्याच सुमाराला, थोड्या दिवसांच्या फरकाने निघतो. अलास्काच्या दक्षिण भागात, जिथे बर्फ लवकर वितळतं, तिथे वीण करणारे आधी, उत्तरेकडचे नंतर. म्हणजे इथे चिखलात उभ्या असलेल्या पक्ष्याचं वेळापत्रक हजारो किलोमीटरवरच्या टुंड्रातल्या बर्फाशी बांधलेलं आहे. वारा बघून तारीख थोडी मागेपुढे होते, तेवढंच.

भरती पावणेचारच्या सुमाराला. लपणापाशी आज दहा-बारा माणसं होती, थर्मास घेऊन आलेली एक आजी-आजोबांची जोडीही. शिंपल्यांच्या बांधावर तीन-चार हजार कुआका, त्यांच्या कडेला नॉट पक्ष्यांचा घट्ट करडा घोळका. नर आता विटकरी लाल झाले होते, चेहऱ्यापासून पोटापर्यंत. काही अजून फिकेच होते. ते बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतले. अशी तरुण पोरं वीण करण्याच्या वयाची होईपर्यंत इथेच राहतात.

पाच वाजून गेले आणि थव्याच्या एका कडेला हालचाल सुरू झाली. साठ-सत्तर पक्षी मुख्य घोळक्यातून चालत बाहेर आले आणि उथळ पाण्यात उभे राहिले. आंघोळ. पंख पाण्यावर आपटून, मान बुडवून, पुनःपुन्हा. मग पिसं साफ करणं, तेही मन लावून, एकेक पीस चोचीतून ओढत. बाकीचा थवा झोपलेला किंवा चरायला निघालेला, एवढेच वेगळे. मग आवाज सुरू झाला. दिवसभर ऐकला होता त्यापेक्षा निराळा, चढा, एकमेकांना उत्तर देणारा. सगळे वाऱ्याकडे तोंड करून उभे.

“हे जाणार. सगळे नाहीत जाणार. काहींचं मन अजून होत नाहीये,” बाई स्कोपवरून नजर न काढता म्हणाल्या.

अलास्कातल्या एका रडारच्या घुमटावर 1987 मध्ये निघालेल्या थव्यातले काही पक्षी आपटून मेले होते. त्यांचं विच्छेदन केलं तेव्हा शरीराच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग नुसती चरबी निघाली, आणि पेषणी, यकृत, मूत्रपिंड, आतडी आक्रसून अगदी लहान झालेली. आठ दिवस खायचंच नाही तर पचनाचं ओझं कशाला वाहायचं? इंधन भरून झालं की यंत्रसामग्रीच कमी करून निघायचं, आणि पोहोचल्यावर ती पुन्हा वाढवायची. हे 1998 मध्ये प्रसिद्ध झालं. समोर पाण्यात उभ्या असलेल्या त्या गुबगुबीत पक्ष्यांकडे बघताना मला तेच आठवत होतं: यांच्या आत काय काय बदल होऊन गेला असेल, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

सव्वासहाच्या सुमाराला ते उठले. आरडाओरडा करत एकदम वर, खाडीवर एक मोठा फेरा. तेवढ्यात पंचवीस-तीस पक्षी गळून खाली आले आणि पुन्हा पाण्यात जाऊन उभे राहिले. उरलेल्यांनी आणखी एक फेरा घेतला, उंची वाढली, घोळक्याची ओळ झाली, ओळीचा एका बाजूला लांब असा बाण झाला. सदतीस. भाचीने मोजले, मी मोजले, बाईंनी मोजले. दिशा वायव्य. आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. मग टेकड्यांच्या वर काळे ठिपके, मग स्कोपमध्येच दिसणारे ठिपके.

भाची रडत होती. मीही. त्या आजींनी हात वर करून निरोप दिला, अगदी घरच्या माणसाला देतात तसा. बाईंनी वहीत वेळ, संख्या, दिशा, वारा लिहिलं आणि स्कोप परत बांधाकडे वळवला, कारण दुसरा एक घोळका आंघोळ करू लागला होता. अंधार पडेपर्यंत आणखी दोन थवे गेले.

रात्री जेवताना कुणालाच फार बोलावंसं वाटत नव्हतं. दशम्या संपल्या होत्या, कायआवाहून आणलेली तळलेली मासळी आणि बटाटे खाल्ले. ते पक्षी त्या वेळी न्यूझीलंडचं उत्तर टोक ओलांडण्याच्या बेतात असतील, एवढा हिशेब भाचीने मात्र केला.

रविवार

सकाळी वाकड्या चोचीचे म्हणावेत असे छोटे करडे पक्षी बघितले. इंग्रजीत राय-बिल, माओरीत ङुतुपारे. जगात हा एकच पक्षी असा की ज्याची चोच बाजूला वळलेली, आणि नेहमी उजवीकडे. दक्षिण बेटावरच्या अनेक धारांच्या नद्यांत वीण करतो, गोट्यांखालचे किडे त्या वाकड्या चोचीने काढतो, आणि थंडीला इथे येतो. सुंदर पक्षी, पण माझं मन काल गेलेल्यांपाशी होतं.

दुपारी केंद्रात बाईंनी मी वाचलेला कोड संगणकात शोधून दिला. मादी. काही वर्षांपूर्वी याच खाडीत जाळं टाकून पकडलेली. त्यानंतर दर उन्हाळ्यात इथे दिसलेली, आणि मधे दोनदा वसंत ऋतूत यालूच्या मुखाशी कुणी तरी चिनी निरीक्षकाने वाचलेली. त्या दोन नोंदींपुढे माझी नोंद जाऊन बसली. तिच्या अंगावर ट्रान्समीटर नाही. तिच्याबद्दल जे काही ठाऊक आहे ते कुणी तरी थंडीवाऱ्यात बसून ती तीन अक्षरं नीट वाचली म्हणून.

उपग्रहाने पक्ष्याचा मार्ग दाखवला, आणि त्या मार्गाने सगळ्यांचं लक्ष एका जागेकडे वेधलं: पिवळा समुद्र. न्यूझीलंडहून निघालेला जवळपास प्रत्येक कुआका अलास्काला जाताना तिथे थांबतो. आठ दिवसांच्या उड्डाणाने रिकामा झालेला पक्षी तिथल्या चिखलातून पुन्हा चरबी साठवतो आणि पुढे जातो. दुसरी सोय नाही. आणि तिथलाच चिखल गेल्या पन्नास वर्षांत झपाट्याने बुजवला गेला. दक्षिण कोरियात सेमांगुमला 33 किलोमीटरची भिंत बांधून 2006 मध्ये अख्खी खाडी समुद्रापासून तोडली. तिथे थांबणाऱ्या ग्रेट नॉट पक्ष्यांची संख्या कोसळली, आणि ते शेजारच्या किनाऱ्यावरही सापडले नाहीत. ते ‘दुसरीकडे गेले’ असं म्हणायची सोय राहिली नाही.

मला या केंद्राचं सगळ्यात कौतुक वाटलं ते यापुढच्या गोष्टीचं. ही मंडळी इथे बसून हळहळत राहिली नाहीत. यालूच्या राखीव क्षेत्राशी त्यांनी 2004 मध्ये भगिनी-नातं जोडलं, तिथे जाऊन मोजणी केली, तिथल्या लोकांना इथे आणलं. 2009 पासून चक्क उत्तर कोरियाच्या किनाऱ्यावरही पक्षी मोजून आले. राजकारणात ज्यांची तोंडं एकमेकांकडे नाहीत ती माणसं चिखलात शेजारी उभी राहून फ्लॅग वाचत होती. चीनने 2018 मध्ये किनाऱ्यावर व्यापारी भराव घालणं थांबवलं. 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये पिवळ्या समुद्राच्या किनाऱ्याचे भाग जागतिक वारसा यादीत आले. याला बरीच कारणं आहेत, पण नकाशावरच्या त्या रेषा नसत्या तर बोलणाऱ्यांच्या हातात दाखवायला काय होतं?

सोमवार

निघायच्या आधी बाईंनी पुन्हा पहिल्या दिवशीचाच प्रश्न विचारला: तुमच्याकडे कोण वाचतं?

मी त्यांना सांगितलं. आमच्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस) आहे, 1883 पासूनची. तिने देशभरात लाखो पक्ष्यांच्या पायात कडी घातली आहेत. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला. आमचे पक्षी पूर्व आशियाच्या नव्हे, मध्य आशियाच्या मार्गाने येतात, हिमालय ओलांडून. आणि उरणच्या पाणथळी माझ्या डोळ्यांदेखत भरावाखाली गेल्या, हेही सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, मोजणी अजून चालू आहे ना?

चालू आहे. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिला माणसं कमी पडतात. म्हणून हे वाचणाऱ्या कोकणातल्या आणि मुंबईतल्या मंडळींसाठी, तिथे शिकलेलं जसंच्या तसं लिहून ठेवतो. आक्षीच्या पुळणीवर, आंजर्ल्याला, आचऱ्याला, ऐरोलीला किंवा शिवडीला, कुठेही पायात कडं किंवा फ्लॅग असलेला किनारी पक्षी दिसला तर आधी रंग लिहा. फ्लॅग कुठल्या पायात, पक्ष्याचा डावा की उजवा, हे लिहा. आपल्याला गुडघा वाटतो त्या सांध्याच्या वर की खाली, ते लिहा. एकापेक्षा जास्त असतील तर वरून खाली कोणता रंग आधी, तेही. अक्षरं वाचता आली तर उत्तम. खात्री नसेल ते अक्षर मोकळं सोडा. मोबाइल स्कोपला लावून काढलेला अंधुक फोटोही चालतो. तारीख, जागा आणि सोबत किती पक्षी होते हे जोडून बीएनएचएसला कळवा. मेलेल्या पक्ष्याच्या पायात धातूचं कडं सापडलं आणि त्यावर ‘इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी’ अशी अक्षरं दिसली, तर त्यावरचा आकडा कळवा. पक्ष्याला फोटोसाठी उडवू नका; भरतीला तो विसावा घेत असतो आणि प्रत्येक उड्डाणात त्याची साठवलेली चरबी खर्च होते.

भाची पुढच्या शनिवारी पुन्हा मिरांडाला जाणार आहे. नॉट पक्षी अजून निघायचे आहेत, आणि बाईंनी तिला वही दिली आहे.